नोंद नसलेले प्रयोग

गेल्या महिन्यात इगतपुरीत बायकांच्या आरोग्यावर एक कार्यक्रम झाला. व्यासपीठावरून एक शिकलेसवरलेले गृहस्थ बोलले. आवाज चांगला, तळमळही खरी. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, "कॅन्सरवरचं संशोधन हा श्रीमंत देशांचा उद्योग आहे. प्रयोग करायचे आपल्या गोरगरीब बायकांवर, लेख छापायचे परदेशात आणि नफा जायचा औषध कंपन्यांच्या घशात. आपल्या बाईला संशोधन नको, उपचार हवेत!" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या वाडीवरच्या बाईनेही वाजवल्या. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत परळच्या टाटा हॉस्पिटलची फाईल होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने आम्हा दोघींना तिच्या तपासणीला जायचं होतं, म्हणून ती आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला आली होती. ज्या संशोधनाविरुद्ध ती टाळ्या वाजवत होती, त्याच संशोधनातून ठरलेले उपचार घेऊन ती चार वर्षांनंतर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती.

त्या टाळ्या मला सहन झाल्या नाहीत.

मी डॉक्टर नाही. वडील रेल्वेत होते म्हणून इगतपुरीत वाढले, इथंच शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतर या पट्ट्यातल्या बायकांसोबत परळच्या वाऱ्या करते. सवलतीचा फॉर्म भरायचा, केस पेपर काढायचा, डॉक्टर काय म्हणाले ते बाईला तिच्या बोलीत सांगायचं, एवढंच माझं काम. पण इतक्या वर्षांत त्या गृहस्थांचं मत मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता गप्प बसणं मला अपराधासारखं वाटतं. शिक्षकांच्या खोलीत ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, ज्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे अशा कार्यकर्त्यांकडूनही ऐकलं. म्हणणं साधारण असं असतं. बाईच्या पोटातल्या कॅन्सरवर काय करायचं ते डॉक्टरांना माहीत आहे, फक्त ते गरिबांपर्यंत पोचत नाही. संशोधनाचा पैसा दवाखान्यांना द्या. चाचणी म्हणजे गरिबाच्या देहाचा वापर. आणि शेवटी, जरा खालच्या आवाजात: असंही या रोगात कोण वाचतं?

शेवटच्यापासून सुरू करते, कारण बाकीचं सगळं त्याच्या पोटात दडलेलं आहे.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर, म्हणजे आमच्याकडच्या बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात तो, आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्यात जातात. २०२२ चा हा जागतिक अंदाज. आमच्या भागातल्या बायका दवाखान्यात पोचतात तेव्हा रोग बहुधा पुढं गेलेला असतो. अंगावर पांढरं जातं, मग लाल जातं, मग कंबर धरते, मग वास येतो म्हणून घरात वेगळी गोधडी मिळते आणि त्यानंतर कधीतरी कोणीतरी डॉक्टरकडं नेतं. तोवर तिसरा टप्पा आलेला. त्यातल्या 'ब' गटात रोग ओटीपोटाच्या भिंतीला भिडलेला असतो किंवा मूत्रपिंडाकडून येणारी नळी त्यानं दाबलेली असते. 'आता काय उपयोग' हे शब्द या गटातल्या बाईच्याच वाट्याला येतात.

१९९९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं डॉक्टरांना कळवलं की या कॅन्सरला लाइट देताना जोडीला सिस्प्लॅटिनची केमो द्यावी. लाइट म्हणजे किरणोपचार. आमच्या बायका लाइट किंवा शेक म्हणतात, मीही तेच म्हणते. किरणांनी पेशीला जी इजा होते ती पेशी पुन्हा सांधायला बघते आणि सिस्प्लॅटिन तिला ती सांधू देत नाही, असं त्यामागचं गणित. पाच चाचण्यांच्या आधारावर ही सूचना निघाली होती. पण तिसऱ्या टप्प्यातल्या बायका त्यांत तुलनेनं थोड्या होत्या. आणि सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला त्रास देतं. अंगात रक्त कमी, वजन चाळीस किलोच्या आत, रोग मूत्रनळीपर्यंत पोचू पाहणारा, अशा बाईला हे औषध तारेल की आणखी खाली ओढेल? याचं उत्तर अमेरिकेतल्या कागदात नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं.

टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ते शोधलं. २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या टप्प्याच्या 'ब' गटातल्या ८५० स्त्रिया या चाचणीत सामील झाल्या. निम्म्यांना नुसता लाइट, निम्म्यांना लाइट आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. निकाल २०१८ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी नुसता लाइट मिळालेल्या शंभरातल्या ४६ जणी जिवंत होत्या, दोन्ही मिळालेल्यांतल्या ५४.

'असंही कोण वाचतं' असं म्हणणाऱ्याला मी पहिल्यांदा हा ४६ चा आकडा दाखवते. ज्या बाईला घरच्यांनी मनातल्या मनात पोचवलेली असते, तिच्यासारख्या शंभरातल्या ४६ जणी जुन्या उपचारांनीही पाच वर्षं जगल्या. मग वरच्या आठ. शंभरात आठ म्हणजे थोड्या वाटतात का? आमच्या एखाद्या मोठ्या वाडीतल्या आठ आया मोजून बघा. आठ चुली, आठ घरांतली पोरं. सिस्प्लॅटिन हे कित्येक दशकं जुनं औषध आहे. ते स्वस्त आहे आणि अनेक कंपन्या ते बनवतात. या निकालातून कोणाच्या घशात नफा गेला, ते त्या गृहस्थांनी मला दाखवावं.

'उपचार हवेत, संशोधन नको' असं म्हणताना आपण असं धरून चालतो की उपचार कुठंतरी तयार ठेवलेले आहेत आणि फक्त कपाटातून काढून द्यायचे आहेत. कोणते उपचार? किती आठवडे? आधी ऑपरेशन की आधी लाइट? हे ठरवलं कोणी आणि कशाच्या जोरावर?

ऑपरेशनचंच घ्या. आमच्याकडं प्रत्येक घरात एक ठाम समजूत आहे: कापून टाकलं की गेलं. लाइटला लोक घाबरतात, ऑपरेशनवर विश्वास ठेवतात. गाठ काढलेली दिसते, टाके दिसतात, पैसे कशाचे दिले ते कळतं. डॉक्टरांतही असा एक विचार होता की आधी केमो देऊन गाठ लहान करावी, मग मोठं ऑपरेशन करावं, म्हणजे लाइटचा त्रास टळेल. ऐकायला किती पटतं! टाटा हॉस्पिटलनं याचीही चाचणी घेतली. त्यामानानं अलीकडच्या टप्प्यांतल्या ६३३ स्त्रिया होत्या. आधी केमो आणि मग ऑपरेशन झालेल्यांत पाच वर्षांनी शंभरातल्या ६९ जणी रोगमुक्त होत्या, तर लाइट आणि केमो एकत्र मिळालेल्यांत ७७ च्या आसपास. पटणारा विचार मागं पडला. हा निकालही २०१८ चाच.

त्याच वर्षी परदेशातून असाच एक धक्का आला. लहान छिद्रांतून, दुर्बिणीनं गर्भाशय काढण्याची पद्धत जगभर श्रीमंत रुग्णालयांत आधुनिक म्हणून चालू होती. रक्त कमी जातं, बाई लवकर घरी जाते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६३१ स्त्रियांवर तिची पोट उघडून करायच्या जुन्या ऑपरेशनशी तुलना झाली, तेव्हा दुर्बिणीच्या गटात रोग जास्त वेळा परतला आणि मृत्यूही जास्त झाले. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या ८६ टक्के, जुन्या पद्धतीत साडेशहाण्णव. तोवर कित्येक वर्षं ती ऑपरेशनं चांगल्या मनानं, चांगल्या हातांनी होत होती. तपासून पाहिलं नसतं तर आजही झाली असती.

म्हणून 'प्रयोग' या शब्दाबद्दल मला नीट बोलायचं आहे. तो शब्द उच्चारला की सभागृहात संताप पसरतो आणि तो संताप चुकीच्या दारात नेऊन ठेवला जातो.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका बाईला मी परळला नेलं. वय अडतीस. अंगावर पांढरं जायचं, कंबर दुखायची. एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं गेलं, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. नवऱ्यानं बैल विकला. ऑपरेशन झालं. आधी तपासणी नाही, आणि काढलेल्या पिशवीचा तुकडा तपासायला पाठवलेला नाही. मी तिला विचारलं, "काढलेलं कुठं गेलं?" ती म्हणाली, "बादलीत ठेवलं होतं ताई. मग माहीत नाही." वर्षभरानं पुन्हा रक्त जायला लागलं. कॅन्सर आधीपासूनच होता. अर्धवट ऑपरेशनमुळं आता उपचारांची वाटच अवघड झाली होती. परळच्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले तेव्हा तिनं पिशवीतून एक घडी घातलेली पावती काढली. तिच्यावर फक्त रक्कम होती.

याला काय म्हणायचं? तिच्यावर प्रयोग झाला नाही? झाला. संमती नव्हती, कारण नव्हतं, नोंद नव्हती, पुढं तिचं काय झालं हे विचारायला कोणी येणार नव्हतं. चाचणीत बाईला समजेल अशा भाषेत लिहिलेला कागद द्यावा लागतो, नाही म्हणायचा हक्क द्यावा लागतो, नैतिकता समितीपुढं उत्तर द्यावं लागतं, पाच-पाच, दहा-दहा वर्षं तिचा माग ठेवावा लागतो. आणि बादलीतल्या त्या पिशवीला यांतलं काय मिळालं?

बीडच्या ऊसतोड बायकांची गोष्ट आपण इतक्यात विसरलो का? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती होती आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अनेकींचं तरुण वयात. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, पाळीच्या दिवसांत उसाच्या फडातली गैरसोय, हे सगळं त्यामागं आहेच. पण बाईच्या तोंडून कारण विचारलं की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: कॅन्सर होईल म्हणाले. एकाच जिल्ह्यात हजारो बायकांवर एक मोठी शस्त्रक्रिया होते, त्यांच्या हाडांचं, हृदयाचं, कामाच्या ताकदीचं पुढं काय होतं याची वही कोणाकडंही नसते. ज्यांना गरीब बाईच्या देहाच्या वापराबद्दल बोलायचं आहे त्यांनी इथून सुरुवात करावी. प्रयोग तर रोजच चालू आहेत. संशोधन म्हणजे ज्या ठिकाणी त्यांची नोंद ठेवली जाते ती जागा.

आता त्यांच्या सर्वांत जड आक्षेपाकडं येते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून आणि उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत काही वस्त्यांतल्या बायकांची तपासणी झाली आणि तुलनेसाठी ठेवलेल्या वस्त्यांत झाली नाही. तिथं फक्त माहिती दिली गेली. त्या वस्त्यांतल्या काही जणी याच कॅन्सरनं गेल्या. त्यांना मरू दिलं, असा आरोप झाला. हा प्रश्न विचारायलाच हवा होता, आणि त्या मृत्यूंवरून मीही पान उलटून पुढं जाऊ शकत नाही.

पण त्या बायकांपासून काय काढून घेतलं गेलं? १९९९ साली उस्मानाबादच्या खेड्यात कोणती तपासणी होती? त्या जिल्ह्यातल्या, शेजारच्या जिल्ह्यातल्या, आमच्या नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या सगळ्याच बायका तेव्हा त्या न तपासलेल्या गटात होत्या. फरक इतकाच की त्यांचे मृत्यू कोणी मोजत नव्हतं. चाचणीत ते मोजले गेले म्हणून ते दिसले, आणि दिसले म्हणून आरोप करता आला. उस्मानाबादेत १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात आठ वर्षांत ३४ जणी गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. निकाल २००९ मध्ये जगापुढं आला. त्यानंतर दहा वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या किती भारतीय बायकांची ही तपासणी कधीतरी झाली होती? शंभरात दोनही नाहीत. मग कोणाला जाब विचारायचा? ज्यांनी उस्मानाबादच्या गावागावांत जाऊन उत्तर मिळवलं त्यांना, की जे ते उत्तर हातात घेऊन बसून राहिले त्यांना?

संमतीचा कागद निष्काळजीपणे भरला गेल्याची उदाहरणं आहेत, ती झाकायची नाहीत. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा उपक्रम झाला. खम्ममला अनेक ठिकाणी पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्या गेल्या. संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले ते योग्यच केलं. त्या काळात झालेल्या सात मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, तरी सह्यांचा दोष त्यानं धुऊन निघत नाही. पण पुढं जे झालं ते आमच्या गृहस्थांना कोणी सांगितलेलं नाही. त्या वादळात सरकारनं २०१० मध्ये एचपीव्ही लसीच्या सगळ्याच चाचण्या थांबवल्या. त्यांत दोन डोस पुरतात की तीन लागतात हे तपासणारी एक चाचणी होती आणि तिच्या केंद्रांत आपली बार्शी आणि पुणेही होतं. लस मध्येच बंद झाल्यामुळं सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींना सोडून दिलं नाही. दहा वर्षं त्यांचा माग ठेवला आणि २०२१ मध्ये दाखवून दिलं की कॅन्सर करणाऱ्या दोन मुख्य विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एक डोसही जवळजवळ तितकंच संरक्षण देतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाचा पर्याय मान्य केला, त्यामागं या मुलींची नोंद हा एक मोठा आधार होता. तीन डोसांच्या जागी एक पुरतो हे सिद्ध केल्यानं औषध कंपनीचं भलं होतं की वाडीवरच्या मुलीचं?

नफ्यासाठी होणारं संशोधनही असतं, हे मान्य. नवी महाग औषधं येत आहेत, त्यांचा खर्च लाखांत जातो, आमच्याकडची बाई त्यांचं नावही ऐकणार नाही. म्हणूनच सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांनी स्वतःचे प्रश्न स्वतः विचारणं अधिक गरजेचं आहे. कंपनी व्हिनेगरवर संशोधन का करेल? मुंबईच्या चाचणीत दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना तयार करून त्यांच्या हातानं तपासणी झाली. व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिटिक ॲसिड पातळ करून कापसानं गर्भाशयमुखाला लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उमटला तर पुढं पाठवायचं. दीड लाख स्त्रिया, त्यांतल्या सुमारे निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी. या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१३ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या कॅन्सर परिषदेत मांडलं. संशोधन श्रीमंत देशांचं असतं म्हणणाऱ्यांनी सांगावं, कोणत्या श्रीमंत देशात हा प्रश्न सुचला असता?

आणि बार्शी. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी डॉ. नेने यांनी कॅन्सरचं रुग्णालय उभं केलं आणि १९८७ मध्ये टाटा हॉस्पिटलच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकारानं तिथं देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली गावं. माणसं गावोगाव फिरायची, पारावर बसायची, कोणाला गाठ आहे का, कोणाला अंगावर जातं का, हे विचारायची आणि वहीत लिहायची. औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. काही वर्षांनी वह्या बघितल्या तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा अलीकडच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. नुसतं विचारत राहिल्यानं! कोणीतरी दारात येऊन विचारतं, म्हणजे हे सांगण्यासारखं दुखणं आहे, एवढं बायकांना कळलं. संशोधनाचा पैसा उपचारांना द्या म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, बार्शीच्या त्या वहीत संशोधन कुठं संपतं आणि उपचार कुठं सुरू होतात?

माझी तक्रार उलटी आहे. आमच्यावर संशोधन फार होतं अशी नाही, पुरेसं होत नाही अशी आहे. इगतपुरी-घोटीच्या बाजूला जुलैत आवणी असते. पाऊस धरून कोसळत असतो, खाचरात गुडघाभर चिखल, भाताची रोपं दोन-तीन आठवड्यांत लावून व्हायला हवीत. नाहीतर वर्षाचा तांदूळ गेला. लाइट सुरू असलेली बाई नेमकी तेव्हा गावी येते आणि परत जात नाही. या कॅन्सरचे किरणोपचार, आतून द्यायच्या लाइटसकट, साधारण आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे लागतात. लांबले की रोग हाताबाहेर जाण्याचा धोका वाढतो. डॉक्टर तिला रागावतात, घरचे म्हणतात आवणी कोण करेल. यावर काय करावं? लाइटचं वेळापत्रक वेगळं बांधता येईल का? त्या पंधरवड्यासाठी मजुरी भरून दिली तर किती जणी उपचार पुरे करतील? हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो लंडनमध्ये बसून कोणाला पडणार नाही. तो आम्ही विचारायचा आहे, आमच्या बायकांना त्यात घेऊन.

लंडनच्या संशोधकांनी त्यांचा प्रश्न विचारला, तेही आपल्या उपयोगाचं ठरलं. लाइट सुरू करण्याआधी सहा आठवडे दोन जुनी, स्वस्त केमोची औषधं द्यायची, एवढाच बदल. ५०० स्त्रिया, त्यांत भारतातल्याही. २०२४ मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी शंभरातल्या ७२ ऐवजी ८० जिवंत. आमच्या तिसऱ्या टप्प्यातल्या अशक्त बायकांना हे झेपेल का, ते पुन्हा इथंच तपासावं लागेल. आणि ते तपासायला कोणी उभं राहिलं की व्यासपीठावरून पुन्हा 'प्रयोग, प्रयोग' म्हणून टाळ्या घ्यायच्या?

वाचल्यावर पुढं काय, हाही प्रश्न आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ओटीपोटाला लाइट दिला की आतड्यांनाही तो लागतो. नंतर वर्षानुवर्षं जुलाब, मुरडा, कधी रक्त. ज्या बायकांची पिशवी आधीच काढलेली असते त्यांची आतडी मोकळ्या झालेल्या जागेत उतरतात आणि त्यांना जास्त लागतं. सुप्रिया चोप्रा आणि टाटाच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशननंतर लाइट घेणाऱ्या ३०० स्त्रियांत दोन पद्धतींची तुलना केली. रोज चित्र घेऊन, आतडी वाचवत, नेमक्या जागी किरण देण्याची पद्धत वापरली तर तीन वर्षांत आतड्यांचा त्रास सुमारे ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर येतो आणि रोग तितकाच आटोक्यात राहतो, हे २०२१ मध्ये छापून आलं. मी या बायकांसोबत गाडीत बसते. डब्यात चढल्यावर त्यांची नजर आधी संडास कुठं आहे ते शोधते. दाराजवळचीच जागा धरतात. आदल्या रात्री जेवत नाहीत. घाट उतरून कसाऱ्याला गाडी थांबली की उतरावं की बसून राहावं, याचा हिशेब चेहऱ्यावर दिसतो. लग्नाकार्याला जाणं त्यांनी केव्हाच सोडलेलं असतं. ज्याला ४२ आणि २१ मधला फरक कागदावरचा वाटतो, त्यानं एकदा आमच्यासोबत इगतपुरी ते दादर बसून यावं.

त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तिनं सकाळचा चहाही घेतला नव्हता. परळला बाकड्यावर तीन तास बसलो, मग नंबर आला. एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिनं तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाली, मग समोर एक छापील कागद घेतला आणि विचारायला लागली. रक्त जातं का? लघवीला जळजळ? पायाला सूज? प्रत्येक प्रश्नाला ही मान हलवून "नाही, बरंय" म्हणत होती. चार वर्षं माझ्याशीही ती हेच म्हणत आली आहे.

"मावशी, दिवसातून किती वेळा संडासला जावं लागतं?"

ती थांबली. माझ्याकडं बघितलं, मग त्या मुलीच्या हातातल्या पेनाकडं.

"लिहिणार का तुम्ही?"

"हो. लिहायचंच आहे."

"सहा-सात वेळा," ती म्हणाली. "कधी आठ. रात्री दोनदा उठते."

मुलीनं आकडा लिहिला. ही पुढं वाकून, अक्षर येत नसताना, तो लिहिलेला आकडा बघत राहिली.